आकाशावरचा अंगठा

"तीस वर्षं तुम्ही एकेका डागापायी गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत घातलेत, ताई. आणि आज मला सांगता, पुसलेला डाग परत आणा?"

"डाग नाही तो."

"मग काय आहे?"

"अंगठा आहे."

"अंगठा? कुणाचा?"

"आमच्या आईचा."

संपादकबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि टेबलावरच्या दोन नमुन्यांकडे आळीपाळीने पाहिलं. एकावर संध्याकाळचं पिवळं आकाश, त्यात लाल झगा फडकवत उडणारा वीर, खाली कारखान्यांची धुराडी. दुसऱ्यावर तेच आकाश, तोच वीर, तीच धुराडी; फक्त वीराच्या टाचेमागे बोराएवढा एक हिरवट भोवरा.

"आणि आई काय म्हणतात?"

भिंगताईने तोंड वाकडं केलं. "पुसून टाक म्हणते. तीच तर पंचाईत आहे."

"मग झालं की! ज्यांचा अंगठा त्याच पुसा म्हणतायत."

"न बघता म्हणतेय. तिने तो छापलेला कधी बघितलाच नाही. बघून म्हणाली तर मीच पुसलेल्या नमुन्यावर सही करते, तुम्हाला एक शब्द बोलणार नाही."

संपादकबाई बाई तशी सरळ. त्यांनी घड्याळ बघितलं. "हे पान ज्या फर्म्यात, ज्या मोठ्या तावात आहे, त्याचं मशीन चार वाजता सुरू करायचंय. निळ्याच्या दोन्ही प्लेटा काढून ठेवते, एक साफ, एक अंगठ्याची. चारच्या आत त्यांना आणा. त्या म्हणतील ते छापू. मात्र एकदा तीन हजार प्रती निघाल्या की हे आकाश कायमचं तसंच राहणार, हे ध्यानात ठेवा."

"तेच तर ध्यानात आहे," भिंगताई म्हणाली.

आता ही भिंगताई कोण, ते सांगतो. छापखान्यात रंग पास करणारी बाई. गळ्यात काळ्या दोरीला घडीचं भिंग, ते घरी जातानाही काढायचं विसरते. बाजारात टोमॅटोलासुद्धा भिंग लावून बघते, असं मशीनवाला सगळ्यांना सांगतो. खोटं आहे. एकदाच लावलं होतं. तिथली रीत अशी, की पहिले पन्नास-शंभर ताव वाया घालवून रंग जुळवायचे, मग एक ताव तिच्यापुढे न्यायचा. ती तो रंगखोलीतल्या पांढऱ्या दिव्याखाली बघणार, मग उचलून दारात नेणार आणि बाहेरच्या उजेडात बघणार. "लोक काय दिव्याच्या पेटीत बसून वाचणार आहेत का?" हे तिचं ठरलेलं वाक्य. पटलं तर कोऱ्या कडेला पेन्सिलने सही. ती सही पडेपर्यंत मालक आला तरी मशीन धावत नाही.

मशीनवाल्याला म्हणतात पैलवान. अंगाने बांबू, म्हणून पैलवान. त्याला एक खोड आहे: मशीनमधून जे बाहेर पडेल ते वाचायचं. गोळ्यांच्या डब्यातली घडी घातलेली पत्रकं, शाळेची पुस्तकं, पाण्याच्या पंपाची माहितीपत्रकं, काही सोडत नाही. भिंगताईचं नेमकं उलटं. तिच्या हातून हजारो पानं गेली, पण तिने वाचलं एकही नाही. तिला अक्षरं दिसतच नाहीत. ठिपके दिसतात.

तर या छापखान्यात साठेक वर्षांपूर्वीच्या चित्रकथेचं काम आलं. लाल झग्याचा, उडणारा, मुठीने डोंगर फोडणारा वीर. त्या काळी दर महिन्याला पातळ कागदावर निघायचा आणि पोरं वाचून वाचून त्याच्या चिंध्या करायची. त्याचे पहिले चोवीस अंक एकत्र, पुठ्ठाबांधणीत, उशाला घेता येईल एवढं जाड पुस्तक काढायचं होतं. मूळ फिल्मा केव्हाच नाहीशा झालेल्या. म्हणून कुणाकुणाच्या ट्रंकेतून जुने अंक मिळवले, त्यांचे फोटो घेतले, कॉम्प्युटरवर डाग-सुरकुत्या पुसल्या आणि मग ते छापायला आले.

पहिला नमुना चकचकीत कागदावर काढला. वीराचं तोंड असं दिसत होतं, जणू आत्ताच अंगाला तेल चोपडून उन्हात बसलाय. झगा प्लॅस्टिकचा. आकाश तर डोळ्यांत घुसत होतं.

"छान तेजस्वी आलंय ना?" संपादकबाईंनी विचारलं.

"तेजस्वी आहे," भिंगताई म्हणाली, "पण हा उडेल कसा? हा घसरेल."

मग तिने जुना अंक मागितला. मागच्या पानाला गंज लागलेली टाचणी, कडा खाल्लेल्या, कागद चहाच्या रंगाचा. तो दारात उजेडात धरला, भिंग टेकवलं आणि संपादकबाईंचं डोकं हाताने धरूनच त्यावर वाकवलं. बाईंनी बघितलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

काय बघितलं त्यांनी? नुसत्या डोळ्याला जे आकाश वाटत होतं तिथे आकाश नव्हतंच. ठिपके होते. पिवळ्याच्या रांगा तिरक्या, तांबड्याच्या वेगळ्या तिरक्या, निळ्याच्या त्यांना छेदून जाणाऱ्या; एखाद्या उंच डोंगरावरून पेरलेली रानं बघावीत तशा. मधूनमधून कागदाचे धागे, त्यात शाई मुरलेली, ओलावा मातीत मुरावा तशी. तांबडा रंग केसभर सरकलेला होता, म्हणून झग्याच्या कडेला एक हलती रेघ उमटली होती. त्या चुकार रेघेनेच झगा फडफडत होता.

"एवढंच?" संपादकबाई पुटपुटल्या. "तीन शाया आणि मळका कागद?"

"एवढंच. प्रत्येक रंगाचे चारच प्रकार: नाही, पाव, अर्धा, पूर्ण. तीन रंगांची गणती करा."

पैलवानाने मागून हिशेब केला. "चौसष्ट."

"चौसष्ट. त्यात कोरा कागदही आला. त्या चौसष्टात यांनी समुद्र केला, आग केली, मेलेल्या माणसाचा चेहरा केला. आपल्या मशीनला लाखो रंग येतात आणि आपण तेल चोपडलेला गडी काढला."

त्या दिवशी चकचकीत कागद परत गेला. शाई पिणारा, किंचित मळकट, बिनचमकीचा कागद आला. काम रांगेला लागलं.

हे सगळं भिंगताईला ठाऊक होतं ते आईमुळे. आई तरुणपणी याच चित्रकथेच्या रंगखात्यात होती. एका लांबट खोलीत अठरा बायका, अठरा काचेची टेबलं, काचेखाली दिवे. चित्रकार रंगवलेलं पान पाठवायचा, प्रत्येक रंगाशेजारी खूण करून: पिवळा पूर्ण, निळा पाव. एका पानाला नऊ पारदर्शक फिल्मा. पाव पिवळ्याची वेगळी, अर्ध्या पिवळ्याची वेगळी, असं करत नऊ. बायकांनी खुणा बघून त्या त्या फिल्मवर तेवढी जागा कुंचल्याने भरायची. आणि भरायची कशाने? गेरूसारख्या एकाच तपकिरी रंगाने. झगा लाल असो, राक्षस जांभळा असो, पहाट गुलाबी असो, त्या खोलीत सगळं तपकिरी. रंग व्हायचा पुढे, यंत्रावर, दुसऱ्या इमारतीत. पूर्ण जगाला रंग देणाऱ्या बायका, आणि त्यांच्या टेबलावर एक थेंब रंग नाही.

तीन आठवड्यांपूर्वी एका जुन्या अंकाचं तेविसावं पान आणि त्याचा नवा नमुना शेजारी ठेवून भिंगताई बघत होती. नव्यात आकाश साफ. जुन्यात तो हिरवा भोवरा. रद्दीतला डाग असेल म्हणून तिने भिंग टेकवलं, तर डाग कुठला! पिवळ्यावर निळ्या ठिपक्या-ठिपक्यांनी जुळलेल्या गोल रेषा, एकीत एक, एकीत एक, पाण्यात खडा टाकल्यासारख्या. आणि मधून आडवी, कोरी फट.

ती फट तिने ओळखली. फिल्म कापायच्या पात्याने आईच्या अंगठ्यावर आडवा व्रण केला होता. लहानपणी ताप आला की तोच अंगठा कपाळावर फिरायचा, आणि तो व्रण खरखर लागायचा.

तिने तोच अंक दुसऱ्या कुणाच्या ट्रंकेतून मागवला. त्यातही तेच. तिसऱ्यातही. शाळकरी पोरांनी उशीखाली दडवलेल्या लाखभर अंकांत, लाखभर आकाशांत, तिच्या आईचा अंगठा होता. भिंगताई स्टुलावर बसली ती उठेचना. पैलवानाने विचारलं, "चक्कर आली का?" ती म्हणाली, "मशीन बंद कर जरा. मला ऐकू येत नाहीये." ऐकायचं काय होतं, कुणास ठाऊक.

घरी जाऊन तिने आईला गोळी देता देता तिचा अंगठा उलटा करून बघितला.

"काय बघतेस? गोळी तोंडात घालायची असते," आई म्हणाली.

"तेविसावं पान आठवतं का, आई? पिवळं आकाश?"

म्हातारीचा हात झटक्यात मागे गेला. "अजून आहे तो?"

"आहे."

"पुसून टाक."

"अगं, पण—"

"चूक आहे ती. अठ्ठावन्न वर्षं झाली, आता तरी पुस. जाड पुस्तकात घालून माझी अब्रू पुठ्ठ्यात बांधू नकोस."

त्यानंतर तीन आठवडे या विषयावर घरात बोलणं नाही. भिंगताई मात्र रोज कामावर आली की आधी तेविसावं पान काढून त्या भोवऱ्याला भिंग लावायची. आणि आज दहा वाजता ती संपादकबाईंशी भांडली, ते आपण ऐकलंच.

दुपारी तीनला पैलवान मालकाची गाडी घेऊन म्हातारीला आणायला गेला. येईल की नाही, याची शाश्वती नव्हती. पण आली. काठी टेकत, केस चापूनचोपून बसवलेले, भांडायला निघालेल्या माणसाचा चेहरा.

"तुलाच पैलवान म्हणतात का?" दारातच तिने त्याला खालीवर न्याहाळत विचारलं.

"हो, आजी."

"मग दार लावून घे. वारा आहे बाहेर."

मशीनच्या खोलीत पाऊल टाकलं आणि ती थबकली. तिच्या दिवसांत तिने मशीन बघितलं नव्हतं. तिकडे बायकांना सोडत नसत. चार रंगांचे चार बुरूज, एकापुढे एक. दुसऱ्या फर्म्याची चाचणी चालली होती. कोरा कागद एका टोकाने आत जात होता आणि दुसऱ्या टोकाने जंगलं, आगी, उडणारी माणसं बाहेर पडत होती. म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून बघत राहिली.

"आमचं ते तपकिरी," ती हळूच म्हणाली, "ते असं व्हायचं?"

"असंच व्हायचं," भिंगताई म्हणाली. "चल, ये इकडे."

"ते पान मी बघणार नाही. तोंडाने सांगायला आलेय. तुला घरात सांगून कळत नाही, म्हणून चारचौघांत सांगते. पुसा."

संपादकबाईंनी खुर्ची पुढे केली. "आजी, झालं काय होतं तेवढं तरी सांगा."

म्हातारी बसली. सांगायची इच्छा नव्हती, पण अठ्ठावन्न वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर पडायला धक्का फार लागत नाही.

"त्या खोलीत पंखा लावायची बंदी होती. फिल्मा उडतात. पण त्या दिवशी असा उकाडा, घामाचा थेंब फिल्मवर पडला तर अख्खं पान जायचं. मुकादमीण बाहेर गेली आणि मी पंखा लावला. मीच. अर्ध्या निळ्याची फिल्म उचलली गेली, मी झडप घालून धरली. अंगठा रंगात भरलेला. पुसायला जावं तर शेजारची रेघ जाणार. तेवढ्यात घंटा झाली, गठ्ठा न्यायला माणूस आला. दिलं मी."

"मग?"

"मग काय! महिनाभर वाट बघितली, आज बोलावतील, उद्या काढून टाकतील. ते पान मी झोपेत भरत होते, नऊच्या नऊ फिल्मा. अंक छापून आला, दुकानात लागला. कुणी बोलावलं नाही." तिने काठी एका हातातून दुसऱ्यात घेतली. "तेव्हा कळलं, कुणी बघतच नाही. अठरा बायका डोळे फोडून घेतात आणि कुणी बघत नाही. चुकीची लाज होतीच, पण हे त्याहून वाईट. त्यानंतर मी ते पुस्तक हातात धरलं नाही. पोटापुरतं काम केलं."

पैलवानाने उगीच हात पुसले, पुसलेले परत पुसले आणि घसा खाकरला.

"बघितलंय की, आजी."

"कुणी?"

"पोरांनी. पत्र आहे ना. शेवटच्या फर्म्यात, जुन्या अंकांतली वाचकांची पत्रं." तो भिंगताईकडे वळला. "ताई, तुम्हीच पास केलंय ते पान. गेल्या बुधवारी."

"मी?"

"सहीसुद्धा आहे तुमची."

भिंगताईचा चेहरा बघण्यासारखा झाला. काळी शाई सम आलीय, अक्षरं शाईने बुजली नाहीत, इथवर बघून तिने सही ठोकली होती. तीन आठवडे ती ज्याच्यासाठी तळमळत होती, ते तिच्याच भिंगाखालून न वाचता गेलं होतं. पैलवान वाळत ठेवलेल्या गठ्ठ्यातून ताव घेऊन आला आणि मोठ्याने वाचू लागला.

"'संपादक महाशय, मी नऊ वर्षांचा आहे. तेविसाव्या पानावर आपला वीर उडतो तेव्हा त्याच्या मागे आकाशात हिरवा भोवरा आहे. मी आणि माझी धाकटी बहीण तो एक तास बघत होतो. मी म्हणतो, तो जोरात गेला म्हणून हवेला भोवरा पडला. बहीण म्हणते, आकाशाला कुणीतरी हात लावून बघितलंय. कुणाचं बरोबर?'"

"आणि उत्तर?" संपादकबाईंनी विचारलं. त्यांनीही ते पान नुसतं चाळलं होतं.

"'तुम्हा दोघांचंही. या एका भोवऱ्याबद्दल आम्हाला एकतीस पत्रं आली आहेत.'"

चाचणी संपून मशीन थांबलेलं होतं. वरचा पंखा तेवढा फिरत होता. म्हातारीने मान वर करून एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"एक तास?" ती म्हणाली. "कार्ट्यांना अभ्यास नव्हता का?"

मग तिने हात पुढे केला. "आण ते भिंग. उजवा डोळा अजून जागेवर आहे."

भिंगताईने गळ्यातली दोरी काढली. जुना अंक दारात, उजेडात धरला. म्हातारी वाकली. पहिल्यांदा तिने झगा बघितला. मग धुराडी, मग आकाश. भिंग एवढ्या सावकाश सरकत होतं, जणू खाली काहीतरी झोपलंय. तपकिरी फासून फासून जे आयुष्यभर पाठवलं, ते पिवळं होऊन, तांबडं होऊन, रांगा धरून तिच्यापुढे पसरलं होतं. भोवऱ्यापाशी ती आली. स्वतःचा अंगठा उलटा करून शेजारी धरला. आडवी फट, आडवा व्रण. पैलवान तोंड फिरवून मशीनची झाकणं मोजत उभा राहिला.

"हे माझ्या हाताचं आहे, खरं वाटत नाही," शेवटी ती म्हणाली.

"मग काय करू, आई? पुसू?"

"आता कशी पुसशील? ती पोरगी विचारेल ना, हात कुठे गेला म्हणून."

"ती आता म्हातारी झाली असेल, आजी," पैलवान म्हणाला.

"मग तर जास्तच विचारेल." भिंग अजून पानावरच होतं. "ठेवा. माझं नावबिव कुठे घालू नका. नुसतं ठेवा."

संपादकबाईंनी साफ प्लेट उचलून बाजूला भिंतीशी टेकवली. घड्याळात चारला दहा मिनिटं होती. भिंगताईने नव्या नमुन्याचा ताव आईपुढे धरला आणि पेन्सिल पुढे केली. "आज सही तू कर. की अंगठाच उठवतेस?"

"अंगठेबहाद्दर समजलीस का मला? चांगली सही येते." म्हातारीने पेन्सिल घेतली, टेकवली आणि तशीच थांबली. "थांब. ही भिंत काय आहे?"

"कुठली?"

"ही, खालच्या चित्रातली. वीर घरी येतो तिथली. हा पाव निळा होता. तुम्ही अर्धा घातलाय."

"नाही गं, आई, जुन्याशी जुळवलंय सगळं."

"कशाने जुळवलंस? डोळ्याने? कागद पिवळा पडून गडद झालाय तो. ठिपके बघ. झोपेत भरलंय मी ते पान, मला शिकवू नकोस."

भिंगताईने जुन्या अंकावर भिंग टेकवलं. निळे ठिपके बारीक, सुटे सुटे, तळ्यातल्या बेटांसारखे. पाव. मग नव्यावर. ठिपके कोपऱ्याला कोपरा लावून खेटलेले. अर्धा. तीन आठवडे तिने हे पान रोज बघितलं होतं, आणि भिंग एकदाही अंगठ्याच्या खाली उतरलं नव्हतं.

तिने आईच्या हातातून पेन्सिल घेतली, भिंतीभोवती गोल केला आणि आत लिहिलं: निळा पाव.

"चारला मशीन सुरू होत नाही," तिने संपादकबाईंना सांगितलं. "निळी प्लेट नव्याने काढायची. अंगठा तसाच, भिंत पाव."

"किती वेळ?"

"लागेल तेवढा."

पैलवानाने निळ्याच्या बुरुजाचं झाकण उघडलं आणि जुनी प्लेट सोडवायला घेतली. म्हातारी खुर्ची ओढून दारातल्या उजेडाला सरकली आणि जुना अंक मांडीवर घेऊन पहिल्या पानापासून सुरू झाली, एकेका चित्राला भिंग लावत. भिंगताईने दोनदा गळ्याशी हात नेला, तिथे दोरी नव्हती. मग तिने कपाटातलं जुनं, कडा तुटलेलं भिंग काढलं, पदराने पुसलं आणि ती प्लेटच्या खोलीकडे चालू लागली.